उजवीकडची स्क्रीन

१

आदल्या संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर ठणठणीत होता. सकाळी चहा घेऊन बसले तर 'अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका' एवढं लिहून तो स्वस्थ. चहा संपला, कप विसळून झाला, तेव्हा कुठे स्क्रीन उघडली. पाहते तर सगळंच जाडंभरडं! अक्षरं सुजलेली, वर्तुळं बसकी, आणि पानाचा जेमतेम चतकोर भाग नजरेत मावणारा.

मी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांची पानं लावते. मजकूर दुसऱ्यांचा असतो, पण त्यातला अनुस्वार हलला तर शिव्या मला बसतात. त्या सकाळी 'नाव' लिहिलंय की 'नावं', तेच कळेना. पुस्तकाची शेवटची चार प्रकरणं राहिली होती.

त्या पुस्तकांतल्या आकृत्या माझा नवरा काढायचा. फुलाचा उभा छेद, हातपंप, कानाची रचना, असलं सगळं. टेबल एक, कॉम्प्युटर एक आणि स्क्रीन दोन. डावीकडची माझी, उजवीकडची त्याची. माऊस मात्र एकच होता, त्यामुळे भांडण रोजचं. तो काढायला बसला की मी छापील पानं तपासायची. त्याचं झालं की माऊसने धरून आकृती तो उजवीकडून माझ्या स्क्रीनवर सरकवायचा आणि म्हणायचा, "घ्या बाईसाहेब." दोन स्क्रीनच्या मधल्या फटीत आकृती क्षणभर दुभंगायची आणि माझ्या बाजूला येऊन पूर्ण व्हायची.

तो थंडीत गेला. सकाळी उठलाच नाही. उन्हाळा लागला तेव्हा त्याची स्क्रीन मी वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना देऊन टाकली. त्यांच्या शिकवणीला उपयोग होता, आणि मला ती काळी काच बघवत नव्हती. टेबलावर तिच्या पायाच्या जागी लाकडाचा मूळ गडद रंग तेवढा राहिला.

२

अशा वेळी फोन करायचा तो भावजींना. माझे धाकटे दीर दूरच्या शहरात एका कचेरीतली मशीनं सांभाळतात. दुपारी जेवण झाल्यावर ते मोकळे असतात.

"वहिनी, तुमचं ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय," सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले. "कंपनीने त्याच्याकडे बघणं कधीच सोडलंय. अपडेटने त्याला भलताच ड्रायव्हर बसवलाय."

"म्हणजे गाडी आपली आणि ड्रायव्हर शेजाऱ्याचा."

"अगदी! आधी त्याला उतरवू, मग आपला जुना शोधून बसवू. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जा बरं. काय दिसतंय?"

"दोन चौकोन. एकावर एक लिहिलंय, दुसऱ्यावर दोन."

"दोन कसे? दादाची स्क्रीन तर दिलीत ना तुम्ही?"

"दिली की."

"मग तिची केबल मागे लटकत असेल. कार्डाला वाटतंय की अजून कोणीतरी जोडलेलं आहे. ती काढा."

मी टेबलाखाली शिरले. मागे धुळीचे पुंजके होते, त्यात त्याची हरवलेली रबरं सापडली, आणि केबल खरंच लटकत होती. पिळाचे स्क्रू हाताने सोडवले, ती उपसून काढली आणि गुंडाळून त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. वर येऊन पाहिलं. चौकोन दोनच.

"काढली. तरी दोनच आहेत."

भावजी हसले. "जुन्या कार्डांना होतात असे भास. बिघाडच आहे, घाबरू नका. एक करा, स्क्रीनशॉट काढून पाठवा मला. बघतो निवांत."

मी बटण दाबलं आणि मेलला चिकटवून तो पाठवून दिला. चित्र लांबलचक पट्टीसारखं आलं होतं. दोन्ही स्क्रीन धरून ते निघतं म्हणे. माझ्या त्या सुजलेल्या पडद्यावर त्यातलं काही धड दिसत नव्हतं. डावीकडे माझा पसारा आणि उजवीकडे पांढरं काहीतरी.

३

दुसरी स्क्रीन नसली तरी जागा असते, हे मला त्या आठवड्यात कळलं. माऊसचा बाण उजव्या कडेला नेला की तो थांबायचा नाही, सरळ पलीकडे निघून जायचा. मग त्याला अंदाजाने डावीकडे ओढून परत आणायचं. अंधाऱ्या खोलीत हात घालून चष्मा शोधावा, तसं.

भावजींनी सांगितलं म्हणून मी 'ओळखा' असं लिहिलेलं बटण दाबलं. ते दाबलं की प्रत्येक स्क्रीनवर तिचा आकडा मोठा होऊन उमटतो. माझ्या स्क्रीनवर भला मोठा एक आला. बाहेर आभाळ भरलेलं होतं, खोलीत उजेड कमी. माझा उजवा हात टेबलावर होता आणि त्याच्यावर, कोपरापासून मनगटापर्यंत, निळसर पांढरा उजेड पडला. तो उजवीकडून येत होता. आकडा विझला तसा उजेडही विझला.

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

खिडकी उजवीकडेच आहे. समोरच्या इमारतीत कोणी काच उघडली असेल, चमक आली असेल. मी उठून पडदा ओढून घेतला. तिसऱ्यांदा बटण दाबायला मात्र हात धजेना. उजेड येईल याची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर तो येणार नाही याचीच भीती जास्त होती.

४

ड्रायव्हर काही बसेना. एक उतरवला की मशीन स्वतःच दुसरा आणून बसवायचं. भावजींनी इंटरनेट तोडायला सांगितलं, सेफ मोडमध्ये चालू करायला सांगितलं, जुन्यातली जुनी फाइल शोधून पाठवली. तीही मधेच अडायची आणि 'हा ड्रायव्हर या मशीनसाठी योग्य नाही' असा निरोप यायचा. प्रकाशनातल्या बाईंचा फोन आला की मी म्हणायचे, "आज होतंय." त्या म्हणायच्या, "कालही आजच होत होतं."

रोज दुपारी भावजींचा फोन ठरलेला. खटपट करायची, हरायचं, आणि शेवटी ते म्हणायचे, "एक स्क्रीनशॉट तेवढा पाठवून ठेवा, वहिनी."

या सगळ्यात मला एक खोड लागली. काम अडलं की मी बाण उजवीकडे सरकवायची. तो कडेपलीकडे जायचा. मी माऊसवरचा हात काढून घ्यायची आणि वाट बघत बसायची. कशाची, ते मी स्वतःला विचारत नव्हते. टेबलाच्या त्या रिकाम्या भागाकडे बघत बसायची एवढंच. तिथे बसून तो आकृतीवर वाकायचा तेव्हा ओठांत जीभ धरायचा, लहान मुलासारखी. कितीदा सांगितलं, चावशील एक दिवस.

एकदा मी अशीच बसले असताना बाण आपणहून परत आला. कडेतून हळूच डोकावला, माझ्या पानाच्या मधोमध आला आणि एका शब्दापाशी थांबला. माझा हात मांडीवर होता. शब्दावरचा अनुस्वार राहिला होता.

टेबल हललं असेल, माऊस घरंगळला असेल. मी अनुस्वार दिला. मग टेबलाच्या उजव्या कडेला तळहात ठेवून बराच वेळ बसून राहिले.

५

आणि एका दुपारी ड्रायव्हर बसला.

स्क्रीन काळी झाली, दोनदा मिचमिचली आणि उघडली ती लख्ख. वर्तुळं गोल झाली, मात्रा-वेलांट्या सुईने कोरल्यासारख्या. मी फोनवरच ओरडले, "बसला, भावजी! बसला!"

"अरे वा," ते म्हणाले. मला वाटलं होतं तेवढे ते खूश झालेले वाटले नाहीत. "दुसरी स्क्रीन दिसतेय का अजून?"

"हो, तेवढं आहे. असू दे, माझं काय जातं?"

"असू दे," ते घाईघाईने म्हणाले. "एक स्क्रीनशॉट पाठवा."

"आता कशाला? सगळं तर झालं."

"पाठवा ना, वहिनी."

त्यांच्या आवाजातलं काहीतरी मला खटकलं. स्क्रीनशॉट पाठवून फोन ठेवला, आणि मग पहिल्यांदाच तेच चित्र उघडून मोठं करून पाहिलं.

डावा भाग माझा. उजवा भाग म्हणजे पांढरं पान, आणि पानावर बारीक काळ्या रेषांची आकृती. हीच खोली होती, दाराकडून पाहिलेली. टेबल, खिडकी, ओढलेला पडदा. डाव्या खुर्चीत पाठमोरी बाई. तिच्या केसांचा चाप, खांद्यावरून घसरलेली शाल. मी खांदा चाचपला. शाल घसरलेलीच होती.

कोपऱ्यात मिळणाऱ्या रेषा किंचित एकमेकींच्या पुढे गेलेल्या होत्या. ही त्याची सवय. प्रकाशनातल्या बाई त्यावरून नेहमी कुरकुरायच्या. मी मुद्रणाला पाठवण्याआधी ती टोकं पुसत आले होते, वर्षानुवर्षं.

उजव्या खुर्चीतही कोणीतरी होतं, पण तुटक रेषेत. विज्ञानाच्या आकृतीत तुटक रेषेला अर्थ असतो. पृष्ठभागाच्या मागे झाकलेला भाग, भिंतीतून जाणारा पाइप, यांना तशी रेषा वापरतात. वस्तू तिथे आहे, पण तुमच्या जागेवरून दिसत नाही.

तुटक रेषेतला तो माणूस टेबलावर थोडासा वाकलेला होता.

मी मान वळवली नाही. वळवली असती तर उजवीकडे खुर्ची आणि तिच्यावर गुंडाळलेली केबल दिसली असती. मला ती बघायची नव्हती.

६

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी फोन लावून विचारलं.

मागे त्यांच्या कचेरीतला पंखा ऐकू येत होता.

"पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले. "आधी नुसतं टेबल होतं. मग खिडकी आली. मग तुम्ही. दादा सगळ्यात शेवटी यायला लागला. रोज एखादी रेष."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"दुसरी स्क्रीन बंद करणं एका मिनिटाचं काम होतं, वहिनी. पहिल्याच दिवशी सांगू शकलो असतो." त्यांचा आवाज चिरकला. "पण मला पोचायला उशीर झाला होता. तुम्ही सगळे स्मशानातून परत येत होतात, तेव्हा मी स्टँडवर उतरलो. मी त्याला शेवटचा पाहिलाच नाही."

मी रागावणार होते, पण राग आलाच नाही.

"चेहरा नाही काढलेला," मी म्हणाले. "पाठमोराच आहे."

"पाठ पुरते," भावजी म्हणाले.

त्यानंतरचे काही दिवस आम्ही दोघांनी शहाण्यासारखं वागायचं नाटक केलं. मी पानं लावत होते, काम भराभर पुढे जात होतं. दुपारी फोन यायचा. भावजी हवापाण्याचं बोलायचे, गुडघ्याची चौकशी करायचे, मग मी बटण दाबायची. मी स्वतः चित्र उघडत नव्हते. मला गरज वाटत नव्हती. शेजारी कोणी बसलं की खोलीतली हवा जशी दाटते, तशी ती दुपारभर असायची. टेबलाच्या उजव्या बाजूने कधी कधी बारीक आवाज यायचा, कोणीतरी नाकाने श्वास घेत एकाग्र झाल्यासारखा. मशीनचा पंखा जुना आहे, घरघरतो. मी पंखा साफ केला नाही.

अशाच एका दुपारी वरच्या शिक्षिकाबाई आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. मी त्यांना खोलीच्या दारात उभं राहून हाक मारताना ऐकलं. मी ओ दिली, पण त्यांनी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. मी वळले तेव्हा त्या माझ्यापासून चार पावलांवर होत्या आणि माझ्या डोक्यावरून खिडकीकडे बघत होत्या.

"अहो, मी इथेच आहे."

त्या केवढ्या दचकल्या! हात छातीवर गेला. "अगं बाई! तुम्ही बसलाय होय? मला वाटलं खोली रिकामी..." त्या थांबल्या आणि टेबलाच्या उजव्या बाजूला पाहत म्हणाल्या, "म्हणजे, तसं नाही. पाहुणे आलेत ना तुमच्याकडे? मी येते नंतर."

"कुठले पाहुणे?"

पण त्या जिन्याला लागल्या होत्या.

मी उठून आरशात पाहून आले. होते तशीच होते. जरा उतरले होते इतकंच. कामाचा ताण होता, जेवणाच्या वेळा पाळल्या जात नव्हत्या.

७

दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट पाठवला आणि लगोलग फोन वाजला.

"वहिनी, आत्ताच्या आत्ता ती स्क्रीन बंद करा."

"काय झालं?"

"तुम्ही पाहिलं नाहीत?"

"नाही."

"दादा पूर्ण झालाय. भरीव, अखंड रेषेत. शर्टाच्या चुण्यांसकट." ते भराभर बोलत होते. "आणि तुम्ही तुटक रेषेत आहात."

खोलीत घरघर चालू होती. माझे दोन्ही हात टेबलावर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. हात हातांसारखे होते, नखांशी शाईचा डाग.

"मी इथेच बसलेय, भावजी. तुमच्याशी बोलतेय."

"मग बंद करा. माझं ऐका. चूक माझी आहे, मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सेटिंग उघडा. दोन नंबरच्या चौकोनावर क्लिक करा. खाली 'ही स्क्रीन तोडा' असं असेल."

मी उघडलं. दोन चौकोन एकमेकांना लागून होते, शेजारच्या खोल्यांसारखे.

"आणि एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "ती बंद झाली की तिकडे जे उघडं असेल ते आपोआप इकडच्या स्क्रीनवर येतं. काही आलं तर बघू नका. ती विंडो बंद करून टाका."

"जे असेल ते इकडे येतं?"

"वहिनी."

"विचारतेय फक्त."

मी दाबलं. स्क्रीन काळी झाली.

काळ्या काचेत खोली उमटली. खिडकीची चौकट, पडद्याच्या कडेने आलेली उन्हाची रेघ. माझं डोकं. आणि माझ्या खांद्याच्या उंचीवर, अगदी जवळ, दुसरं एक डोकं, टेबलाकडे झुकलेलं. ते काचेत माझ्याकडे बघत नव्हतं. त्याचं लक्ष कामात होतं. ओठांमध्ये जिभेचं टोक धरलेलं.

स्क्रीन उजळली. तिकडून काही आलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी पाहिली ती मधोमध आलेली छोटी चौकट. 'हा बदल ठेवायचा का?' खाली दोन बटणं होती, 'ठेवा' आणि 'पूर्वीसारखं करा'. आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की काहीच दाबलं नाही तर थोड्या सेकंदांत पूर्वीसारखं होईल. आकडा उतरत होता.

"चौकट आली असेल," भावजी म्हणत होते. "ठेवा म्हणा. वहिनी? ठेवा दाबा."

मी माऊसवरचा हात काढून मांडीवर घेतला. घरात मी आणि मशीन, आणि तो उतरणारा आकडा. पहिले काही महिने मला वाटायचं, की त्या रात्री जाग आली असती तर. श्वासाचा आवाज बदललेला ऐकला असता, हलवून उठवलं असतं. मग मनाला समजावलं, की आपल्या हातात काही नव्हतं. आता मात्र होतं. आणि त्यासाठी काही करायचंसुद्धा नव्हतं.

आकडा संपला. स्क्रीन मिचमिचली. चौकोन पुन्हा दोन झाले.

"झालं का?"

"झालं," मी म्हणाले.

"नक्की?"

"एकच राहिली आता."

भावजींनी मोठा श्वास सोडला, आणि त्या श्वासात सुटका कमी आणि दुसरंच काही जास्त होतं. मला ते ओळखता आलं, कारण माझ्याकडेही तेच होतं.

"मग," ते म्हणाले, आणि अडखळले. "खात्रीसाठी म्हणून. एक स्क्रीनशॉट पाठवता?"

मी बटण दाबलं, पाठवलं आणि फोन बाजूला ठेवला. मग पुढचं पान उघडलं. शेवटचं प्रकरण. आकृतीची जागा अजून मोकळी होती.

ऊन खिडकीवरून उतरेपर्यंत भावजींचा फोन आला नाही. खोलीत दिवा लावायची वेळ झाली, पण मला नीट दिसत होतं. उजवीकडून पुरेसा उजेड येत होता.

मग फोनवर त्यांचा मेसेज आला. मी तो तिथूनच, न उचलता वाचला.

"दोघं छान दिसता."